पुढे सरकवलेला प्याला

शांतू, तुला जाऊन आज आठ दिवस झाले. बुधवारी तुझ्या खोलीत स्मरणसभा आहे आणि मी चार शब्द लिहून आणावेत असा पाळकसाहेबांचा हुकूम आहे. "लिहून आणा, दानिएलराव," असं ते दोनदा म्हणाले. "तोंडी नको." का, ते तुला सांगायला नको. तोंडी बोलायला उभा राहिलो तर तू घाटकोपरच्या टेकडीवरून सदेह स्वर्गात गेलास आणि जाताना दवाखान्याच्या छपराचे दोन पत्रे तुझ्याबरोबर उडाले, असं काहीतरी माझ्या तोंडून निघून जाईल. लोक हसतील, चहा पितील आणि घरी जातील.

तुझं गाव कोणतं, शिक्षण किती, मागे कोण कोण आहे, यातलं मी काही लिहिणार नाही. ते पाळकसाहेबांच्या वहीत आहे. मला तुझ्याशी भांडायचं आहे. भांडण म्हणजे तरी काय, एक गोष्ट मला पाच वर्षं कळलेली नाही आणि दुसरी आठदहा दिवसांपासून कळत नाही. दोन्हींचा असा गुंता झालाय की एकीचा दोरा ओढला की दुसरीची गाठ घट्ट होते.

स्टेशनजवळच्या त्या दवाखान्यात डॉक्टर आत बसायचे आणि तू कंपाउंडर बाहेर, लाकडी खिडकीमागे. खोकल्याचं औषध लाल, पोटाचं पांढरं, तापाचं नुसतं कडू. बाटली भरायची, डोसाच्या खाचा कापलेली कागदी पट्टी खळीने तिच्यावर चिकटवायची आणि खिडकीतून द्यायची. दारूबंदी आली, गुत्ते बंद झाले आणि सगळ्या मुंबईच्या घशाला कोरड पडली. तुझ्या घशाला पडली नाही. तुझ्या पाठीमागच्या फळीवर आल्याचं टिंक्चर, संत्र्याच्या सालीचं टिंक्चर, वेलदोड्याचं टिंक्चर, सगळी अस्सल स्पिरिटात मुरलेली, आणि कपाटाची किल्ली तुझ्या खिशात. तू हे चर्चच्या मंडळीसमोर उभं राहून स्वतः सांगितलं होतंस, म्हणून लिहितो. नाहीतर माझी काय टाप!

मग तो दिवस आला. टिंक्चरच्या नशेत एका लहान मुलीच्या औषधावर तू सहा डोसांच्या जागी चारच खाचांची पट्टी चिकटवलीस, म्हणजे प्रत्येक डोस दीडपट. दुपारी तुझं तुलाच आठवलं आणि तू टेकडीवरच्या त्या झोपड्यांपर्यंत अनवाणी धावत गेलास. पोरीला पहिला डोस द्यायला तिच्या आईने चमचा पुसून घेतलेला होता. तू बाटली हातातून ओढून घेतलीस, ती बाई चोर चोर म्हणून ओरडली, आणि चार माणसं तुझ्या मागे लागली. मी ही गोष्ट सांगायचो तेव्हा चाळीस माणसं आणि दोन कुत्रे असायचे. तू दर वेळी म्हणायचास, "चार होती, दान्या. आणि कुत्रा नव्हता."

त्या बुधवारी तू आपल्या प्रार्थनेला आलास. दारापाशी बसलास, आणि साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा उभा राहून म्हणालास, "मी यापुढे थेंब घेणार नाही. पण माझं काम त्यातच आहे. मला एखादं वचन द्या, जे हातात बाटली असताना म्हणता येईल." पाळकसाहेबांनी तुला बायबलातल्या पौलाच्या पत्रातलं ते वचन दिलं, मोहाबरोबर देव बाहेर पडायची वाटही ठेवतो, या अर्थाचं. दुसऱ्या दिवसापासून तू बूच काढायच्या आधी ते पुटपुटायला लागलास. खिडकीबाहेरच्या गुजराती आज्यांनी तुझे ओठ हलताना पाहिले, आणि महिन्याभरात सगळ्या घाटकोपरात झालं की स्टेशनवरचा कंपाउंडर औषध मंतरून देतो. ते मंतरलेलं औषध घ्यायला मुलुंडपासून माणसं यायची. यात अतिशयोक्ती नाही. बरं, भांडुपपासून यायची.

त्या वचनावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचो, "अरे, बाहेर पडायची वाट ठेवायचीच होती तर मोह ठेवलाच कशाला? आधी खड्डा खणायचा आणि मग शिडी लावायची, हा काय हिशोब झाला?" तू पट्ट्यांना खाचा कापता कापता म्हणायचास, "तू शिडी बघ. खड्ड्याची चौकशी तुला कुणी सांगितलीये?"

"पण खड्डा कुणी खणला ते कळायला नको?"

"दान्या, तू खड्ड्यात पडलेला माणूस नाहीस. काठावर उभा राहून गप्पा मारणारा आहेस."

हे मला तेव्हा फार लागलं होतं. मुलुंडच्या रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर असलो म्हणून काय झालं, मलाही मोह होतेच की! एकच मोठा होता खरं तर. मी कारखान्यात शिरलेला बिबट्या स्तोत्र गाऊन हाकलला, ही गोष्ट तुला तोंडपाठ होती. तू सगळ्यांदेखत विचारायचास, "मागच्या ख्रिसमसला तो कुत्र्याएवढा होता ना रे?" लोक आणखी हसायचे, आणि मी ठरवायचो, पुढच्या वेळी तो म्हशीएवढा करायचा.

आता त्या रविवाराकडे येतो. 

आपली मंडळी शाळेच्या भाड्याच्या वर्गात भरायची. फळ्यावर शनिवारची गणितं तशीच असायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि प्याला. द्राक्षांचा ताजा रस आपल्याला कुठला मिळायला? म्हणून काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून, मलमलीतून गाळून तो रस करायचा, आणि ते काम माझ्याकडे होतं. शनिवारी सकाळी भिजवायच्या, दुपारी गाळायच्या. तू मंडळीचा पूर्ण सभासद झालास त्याच्या आदल्या आठवड्यात पाळकसाहेबांना विचारलं होतंस, "साहेब, प्याल्यात काय असतं? मला आधी कळायला हवं." पाळकसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "शांतू, तान्ह्या पोराला पाजशील असं पाणी असतं माझ्या हातचं. बिनधास्त घे."

हे मी तुला सांगितलं होतं. शब्द दिला होता. तू तो घेतला होतास आणि त्यानंतर प्रत्येक महिन्याला तो प्याला डोळे मिटून तोंडाला लावला होतास.

मे महिना होता. पेणला माझ्या मावसभावाचं लग्न होतं आणि मला गुरुवारी सकाळीच निघायचं होतं. शनिवारी परतणं जमणार नव्हतं. मी विचार केला, दोन दिवस आधी भिजवल्या तर काय बिघडलं? रस जास्तच उतरेल. चिनी मातीच्या बरणीत मनुका घातल्या, कोमट पाणी ओतलं, गोडी यावी म्हणून मूठभर साखर घातली, वर झाकण घट्ट बसवलं आणि बरणी ठेवली शेगडीच्या वरच्या फळीवर. गेलो पेणला.

रविवारी पहाटेच्या पहिल्या एसटीने निघालो आणि उपासनेच्या तासभर आधी घरी पोचलो. बरणीचं झाकण काढलं तर ते आपोआप वर उडालं, कौलं फोडून बाहेर गेलं आणि शेजारच्या कोंबड्याला लागलं. नाही, थांब. कोंबडा नको. झाकण काढताना फस्‌ झालं, एवढंच. वर फेस होता. बोट बुडवून चाटलं तर जिभेला बारीक चावलं.

शांतू, मला कळलं होतं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की कळलं नाही. पण कळलं होतं.

कोपऱ्यावरच्या वाण्याचं दुकान उघडं होतं. पावशेर मनुका आणून कोमट पाण्यात कुस्करल्या असत्या तर अर्ध्या तासात काम झालं असतं. पण दिवस रविवार. प्रभूच्या दिवशी खरेदी करायची नाही, आणि पंधराच दिवसांपूर्वी मंडळीतल्या दाऊदमामांनी रविवारी विडीचं बंडल घेतलं म्हणून मीच त्यांना सगळ्यांसमोर अर्धा तास झापलं होतं. आता मी वाण्याच्या दारात उभा दिसलो तर? मी दुकानापर्यंत गेलोही होतो. समोरून दाऊदमामा येताना दिसले आणि मी वळलो. घरी आलो, फेस चमच्याने काढला, आणखी साखर ढवळली आणि गाळलं. पाळकसाहेबांच्या कानात सांगता आलं असतं, आज प्रभुभोजन पुढे ढकला, माझी चूक झाली. एक वाक्य. ते मी बोललो नाही. रविवार पाळला मी, शांतू! वाण्याच्या पायरीवर पाय ठेवला नाही, आणि दारू नेऊन प्रभूच्या मेजावर ठेवली.

तू आणि सगुणावहिनी नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर. एकच प्याला हातोहात फिरायचा. पाळकसाहेबांनी तो तुझ्या हातात दिला. तू डोळे मिटलेस, प्याला ओठांपर्यंत नेलास आणि तिथेच थांबलास. नाकपुड्या फुलल्या. मी बाजूला उभा होतो, मला तुझी बोटं दिसत होती. पांढरी पडली होती. ओठ हलायला लागले, दवाखान्याच्या खिडकीत हलायचे तसे. किती वेळ? मला विचारशील तर मी अर्धा तास सांगीन. दहा श्वास झाले असतील. मग तू प्याला तसाच वहिनींकडे सरकवलास, उठलास आणि फळ्याजवळच्या दाराने बाहेर निघून गेलास.

बाकीच्यांना काही कळलं नाही. बायांनी आंबट तोंडं केली. दाऊदमामांनी प्याला दोन्ही हातांनी धरला तो सोडवत नव्हता. शेवटचा घोट पाळकसाहेबांचा, त्यांना बारा महिने पडसं.

पण एक गोष्ट सगळ्यांना कळली. शांतवनने प्याला नाकारला. आणि आपल्यात प्याला नाकारतो कोण? ज्याच्या मनात भावाविषयी अढी आहे तो, नाहीतर ज्याचं पाप उघड झालेलं नाही तो. उपासना संपायच्या आत कुजबुज सुरू झाली. तो पुन्हा प्यायला लागला. विक्रोळीला त्याची कुणी बाई आहे. त्या आठवड्यात पाळकसाहेब तुझ्या घरी आले, मीही बरोबर होतो. त्यांनी विचारलं, "शांतवन, काय झालं? मोकळं बोला." तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. म्हणालास, "साहेब, त्या दिवशी माझी तयारी नव्हती."

बस. एवढंच. मी तिथे तुझ्याच सतरंजीवर बसलो होतो, तुझ्याच घरचा चहा पीत.

पुढे मी काय केलं ते तुला माहीत आहे. लोक बोलायला लागले तेव्हा तुझी बाजू घ्यायची म्हणून मी सांगत सुटलो की शांतूचं डॉक्टरांशी कडाक्याचं भांडण झालं होतं, बाटल्या फुटल्या होत्या, त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. ते फिरत फिरत डॉक्टरांच्या कानावर गेलं. डॉक्टरांनी तुला बोलावून विचारलं, "आपलं भांडण कधी झालं हो?" तू काय उत्तर दिलंस ते मला कधीच कळलं नाही.

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारच्या आदल्या दुपारी मी मनुका कुस्करत बसलो होतो, तर दारात तू. "आलो होतो असाच," म्हणालास. आत आलास, पाटावर बसलास. बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिलास. मग खिशातून दवाखान्यातली मलमल काढलीस, कोरी, घडी घातलेली. "तुझं फडकं जाड आहे. याने गाळ." आपण दोघांनी गाळलं. जाताना तू भांड्यावर जरा वाकलास आणि निघून गेलास. दुसऱ्या दिवशी प्याला घेतलास. लोक हळूहळू विसरले, म्हणजे बोलायचे थांबले.

आणि मग पाच वर्षं, प्रत्येक महिन्याच्या त्या शनिवारी, तू आलास. पावसात आलास, तापात आलास. आपण कसल्या कसल्या गप्पा मारल्या! बिबट्या वाढत वाढत पाणघोड्याएवढा झाला. त्या रविवाराबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस आणि मीही नाही. शांतू, माझा पहिला प्रश्न हा आहे. तू माझ्याकडे येत होतास की माझ्यावर पहारा करत होतास? तुला ठाऊक होतं का, की मी जाणूनबुजून तो प्याला पुढे केला? की तुला वाटलं, दान्या गाढव आहे, त्याला काही कळलंच नसेल? मला माफ केलं होतंस, की माझ्यावर पुन्हा कधीच विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं होतंस? तुझ्या चेहऱ्यावरून मला तर दोन्ही खरं वाटायचं. एकाच शनिवारी, एकाच वेळी.

एकदा मी सांगून टाकायचं ठरवलं होतं. बुधवारच्या प्रार्थनेत साक्ष द्यायला उभा राहिलो.  म्हणालो, "बंधुभगिनींनो, त्या मे महिन्यात प्रभुभोजनाच्या प्याल्यात मनुकांचा रस नव्हता. त्याची दारू झाली होती."  मग मागून दाऊदमामा म्हणाले, "पाण्याची दारू? दानिएल, आता तूही प्रभूसारखे चमत्कार करायला लागलास की काय?" आणि वर्ग हसायला लागला. पाळकसाहेबसुद्धा. शांतू, तिथेच थांबून मी म्हणायला हवं होतं, हसू नका, हे खरं आहे. पण ते हसू! माझ्या एका वाक्यावर साठ माणसं हसत होती. मी काय केलं? झाकण उडवलं, कोंबडा पाडला, दाऊदमामांना वर्गात नाचवलं, फळ्यावरची गणितं आपोआप चुकवली. पोट धरधरून हसले सगळे. तू म्हणालास ना, मी काठावर उभा राहणारा आहे? तो माझा खड्डा होता. आत उडी मारली मी, आणि शिडीकडे पाहिलंही नाही.

तूही हसत होतास. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी कसलं होतं, हेही मला माहीत नाही.

आता दुसरी गोष्ट.

तुझा ताप तिसऱ्या आठवड्यातही उतरेना. नाडी बुडायला लागली तेव्हा डॉक्टरांनी स्वतः चिठ्ठी लिहून परमिटवर ब्रँडी मागवली. दर दोन तासांनी एक चमचा, पाण्यातून. तू तोंड मिटून घेतलंस. पाळकसाहेब आले, म्हणाले, औषध म्हणून घेण्यात पाप नाही. मी तर शास्त्रच काढलं. "अरे, पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलाच आहे ना?" तू डोळेही उघडले नाहीस. "तीमथ्याची तक्रार पोटाची होती, दान्या. माझी वेगळी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी मला दाराबाहेर बोलावलं. हातात पितळी पेला होता. "भाऊजी, यात मनुकांचं पाणी आहे आणि दोन चमचे ते आहे. मी दिलं तर ते घ्यायचे नाहीत. तुमच्या हातचं घेतात. तुम्ही नुसतं म्हणा, तुम्ही केलंय."

"मी?"

"एवढं आयुष्य गेलं तुमचं सांगण्यात. एक आणखी सांगा."

मी पेला घेऊन आत आलो. तू उशीला टेकून बसला होतास, गालफडं आत गेलेली. मी पेला तुझ्या ओठांजवळ नेला. तू विचारलंस, "काय आहे?"

ज्या माणसाने पाणघोड्याएवढा बिबट्या स्तोत्राने पळवला, त्याला मनुकांचं पाणी म्हणायला काय कठीण होतं? जिभेवर होतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "ब्रँडी."

तू माझ्याकडे बघत राहिलास. "खोटं बोलता आलं असतं तुला."

"हो."

"मग?"

"काय माहीत."

तू हसलास आणि खोकलास. मग माझं मनगट धरून पेला खाली केलास. "बरं केलंस. तसं वासावरून मला कळलंच असतं," आणि मनगट सोडता सोडता, "मला कळतं रे."

ते "मला कळतं" तू कशाबद्दल म्हणालास? मी विचारणारच होतो. तो रविवार सांगायला मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण वहिनी आत आल्या, त्यांनी भरलेला पेला पाहिला, आणि मी उठून बाहेर गेलो. दोन दिवसांनी तू गेलास.

डॉक्टर म्हणतात, त्या चमच्यांनी काही फरक पडला नसता. पण ते भले गृहस्थ आहेत, भली माणसं असं म्हणतातच. मी खोटं बोललो असतो तर तू आज असतास का? तुझ्यापुढे मोह कसला होता त्या सकाळी? बाटलीचा? की जगण्याचा? आणि जगणं हा जर मोह असेल, तर त्यातून बाहेर पडायची ती वाट कुठे जाते? मी खरं का बोललो, हे तरी तू सांग. धीर आला म्हणून? तुला वास येईल या भीतीने? की पाच वर्षांपूर्वीची फेड त्या पेल्यात करून टाकावी म्हणून? त्या फेडीसाठी मी तुझा जीव वापरला असेल तर?

दफनानंतर वहिनी माझ्याशी एकच वाक्य बोलल्या. "आयुष्यभर थापा मारल्यात भाऊजी, आणि नेमकं त्या दिवशी तुम्हांला खरं सुचलं?" मी मान खाली घातली. 

हे इथपर्यंत काल लिहून झालं आणि मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, पाळकसाहेबांच्या आधी तुम्ही वाचा. त्यांनी दारातच उभं राहून वाचलं. झाकणाच्या आणि कोंबड्याच्या ओळीवर कपाळाला आठी पडली. पुढे वाचता वाचता खाली बसल्या. संपल्यावर कागद मांडीवर ठेवले.

मग म्हणाल्या, "म्हणजे मी प्यायले ते?"

मी मान हलवली.

"स्वतः नाही घेतला, आणि माझ्या हातात दिला? एक शब्द न बोलता?"

शांतू, हे माझ्या डोक्यात पाच वर्षांत आलं नव्हतं. एवढी उलटापालट केली त्या रविवाराची, पण हे आलं नव्हतं. मी तुझी बाजू घ्यायला गेलो. "वहिनी, त्याला वाटलं असेल, तुम्हांला दारूचं भय नाही. त्याला होतं." मग म्हणालो, "भर मंडळीत माझी अब्रू जाऊ नये म्हणून असेल." मग म्हणालो, "त्याला त्या क्षणी फक्त हातातून सुटका हवी असेल." तीन कारणं सांगितली, तिन्ही एकाच दमात, आणि तिन्ही मला थापा वाटल्या.

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "त्यांनाच ठाऊक." त्यांना रडू आलं, मग हसू आलं, मग पुन्हा रडू. पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, "लोक त्यांना काय काय बोलले. तुम्ही ऐकत राहिलात."

"हो."

"विक्रोळीच्या बाईचं तर मला तोंडावर विचारलं एकीने."

"वहिनी, बुधवारी मी सगळं वाचणार आहे. सगळ्यांसमोर."

"तुम्ही वाचाल, आणि लोक हसतील."

खरंच होतं. मी उभा राहिलो, दारू म्हणालो की दाऊदमामा खाकरणारच.

वहिनींनी कागद उचलले, कडा जुळवल्या आणि आपल्याजवळ ठेवले. "मी वाचते."

"तुम्ही? पण यात पेल्याचंही आहे. तुम्ही मला खोटं बोलायला सांगितलंत ते."

"वाचलं मी ते. राहू दे तेही."

त्यांनी तेवढ्यात पेन्सिल घेऊन कोंबड्यावर काट मारली होती. मी हळूच म्हटलं, "वहिनी, तो राहू दे. नाहीतर कुणाला वाटायचं नाही की हे मी लिहिलंय." त्यांनी विचार केला आणि काट खोडरबराने पुसली. आज पुन्हा येऊन या शेवटच्या ओळी मी त्यांच्यासमोर बसूनच लिहितोय.

"आणि हसले तर?" मी विचारलं.

"हसू देत. मी थांबेन. हसून झालं की तीच ओळ पुन्हा वाचेन."